जुने ठाणे, विस्तारित ठाणे: एका स्टेशनची पार्श्वभूमी

ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये, मनोरुग्णालयाच्या जागेवर जे स्टेशन व्हायचे आहे त्याला कागदोपत्री ‘विस्तारित ठाणे’ म्हणतात. बातम्यांत ते ‘नवीन ठाणे’ होते. रिक्षा स्टँडवर विचारले तर ‘ते मेंटलजवळचं’ असे उत्तर मिळते. हे स्टेशन का हवे, कोणासाठी हवे आणि त्यावर इतकी वर्षे भांडण का झाले, हे समजायला आधी जुन्या स्टेशनवर काय घडत गेले ते पाहावे लागते.

१८५३ ची पहिली गाडी सगळ्यांना पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. तिच्यामुळे एक गोष्ट मात्र झाकली जाते. ठाणे हे शेवटचे स्टेशन जेमतेम एक वर्षच होते. १ मे १८५४ रोजी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले आणि ठाणे मधले स्टेशन झाले. इथे येऊन थांबणारे आणि इथून पुढे जाणारे अशी प्रवाशांची विभागणी तेव्हाच सुरू झाली. आजचा सगळा गुंता त्या विभागणीतूनच आला आहे.

नावाचाही गुंता आहे, आणि तो रेल्वेपेक्षा कितीतरी जुना आहे. शिलाहारांच्या लेखांत या गावाचे नाव श्रीस्थानक असे येते. स्थानकचे बोलता बोलता ठाणे झाले. म्हणजे ‘ठाणे स्थानक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो, एकदा वापरून झिजलेला आणि एकदा कोरा. इंग्रजी कागदांत त्याचे आधी टॅना झाले, मग थाना. मराठी उच्चाराला धरून इंग्रजी पाटी लिहिली जायला फार काळ लागला, आणि रेल्वेच्या तिकीट यंत्रणेत स्टेशनचा संकेत अजूनही टीएनए असाच आहे. ठाणेकर यातले काहीच वापरत नाही. तो रिक्षात बसतो आणि नुसते ‘स्टेशन’ म्हणतो. शहरात दुसरे स्टेशनच नसल्यामुळे पुढे काही सांगावे लागत नाही. ‘विस्तारित’ या शब्दावरून पुढे जे झाले त्याच्या मुळाशी ही सवय आहे.

पुढची शंभर वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९१६ मध्ये पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा झाला आणि कळवा-मुंब्र्याच्या वळशातून जलद गाड्यांची सुटका झाली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विजेच्या गाड्या आल्या. १९६० च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, आणि त्याच सुमारास खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने आले. त्या पट्ट्याचे नाव ट्रान्स ठाणे क्रीक. नाव ठाण्याचे असले तरी ठाण्याहून तिथे जायला रेल्वे नव्हती.

१९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोचली. नवी मुंबई मुंबईला जोडली गेली, ठाण्याला नाही. मी त्या काळात तुर्भ्याला कामाला जात असे. स्टेशनबाहेर बसच्या रांगेत अर्धा तास, मग कळव्याचा नाका, मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचा तो अरुंद रस्ता. पावसाळ्यात पुलाखाली पाणी साचले की बसचा वाहक मागे वळून नुसता हात हलवायचा, आणि डोंबिवली-कल्याणहून गाडी बदलून आलेली माणसे मुकाट्याने खाली उतरून चालायला लागायची. रबाळ्यापर्यंत चालत गेलेले लोक मी पाहिले आहेत. ही माणसे ठाण्यात राहत नव्हती. ठाण्याशी त्यांचा संबंध स्टेशनबाहेरच्या बसथांब्यापुरता होता.

२००४ च्या नोव्हेंबरात ठाणे ते वाशी लोकल सुरू झाली आणि स्टेशनचा स्वभावच बदलला. माझ्या मते १८५४ नंतरची ही सर्वांत मोठी घटना आहे, पण तिच्यावर फारसे लिहिले गेलेले नाही. मार्गाला ‘ट्रान्स-हार्बर’ नाव दिले गेले. बंदराशी त्याचा काही संबंध नाही. ठाण्याची खाडी ओलांडली की तो तिच्या पूर्व काठाने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला जातो. पुढे शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलालाही ‘ट्रान्स हार्बर लिंक’ म्हणू लागले, आणि दोन्ही नावे एकाच बातमीत आली की बाहेरच्या माणसाला काहीच उमगत नाही.

मार्गाची टोकाची जागा ठाण्यात कुठे करायची हा प्रश्न होता. पश्चिमेला बाजारपेठ आणि वस्ती, तिथे जागाच नव्हती. म्हणून पूर्वेच्या, कोपरीच्या अंगाला नऊ, दहा आणि नंतर दहा-अ असे फलाट झाले. तांत्रिकदृष्ट्या दुसरा पर्याय नसावा. परिणाम मात्र असा झाला की कल्याणकडून येणारा माणूस पाच-सहाच्या बाजूला उतरतो, जिना चढतो, पुलावरून पूर्वेकडे धावतो आणि पुन्हा जिना उतरतो. संध्याकाळी हाच प्रवास उलटा. सकाळी साडेआठला त्या पुलावर एकदा उभे राहून पाहावे. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हाताने पोटाशी बॅग आवळून माणसे तिरकी चालतात, कारण समोर तोंड करून चालायला खांद्याएवढीही जागा नसते. खाली वाशीची गाडी सुटण्याची घोषणा झाली की जिन्यावरची सगळी रांग एकदम खाली कलते. सुरुवातीला या गाड्या नऊ डब्यांच्या होत्या, पुढे बारा डबे झाले. खाडीपलीकडचे कारखाने जाऊन त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. ऐरोली-घणसोलीत संगणकावर काम करणारी तरुण मंडळी आली, आणि ती राहतात बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळ्याला. मध्य रेल्वेवरची पहिली वातानुकूलित लोकल ३० जानेवारी २०२० रोजी याच मार्गावर आली. तिकिटाचा दर मात्र त्या गर्दीच्या खिशाला परवडणारा नव्हता.

तेव्हापासून ठाणे स्टेशनवर दोन वेगळ्या गर्द्या आहेत. एक ठाण्यात राहणाऱ्यांची. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीपर्यंत मनोरे उभे राहिले. तिथला माणूस बसने किंवा रिक्षाने नौपाड्याच्या जुन्या गल्ल्यांतून स्टेशनला येतो. दुसरी गर्दी फक्त गाडी बदलणाऱ्यांची. पहिलीला रस्ता हवा आहे, दुसरीला पूल, किंवा खरे तर ठाण्याला न येण्याची सोय. आजवरची प्रत्येक योजना यापैकी एकाच गर्दीसाठी आखली गेली, पण तिच्यावर चर्चा झाली ती जणू दोन्ही सुटणार आहेत अशा थाटात. पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याच्या योजनेचा, उंचावरचा डेक झाला. बस वर गेल्या, खाली रिक्षा आणि पादचारी राहिले. पहिल्या गर्दीला त्याचा फायदा झाला. पुलावर तिरकी चालणारी माणसे होती तिथेच राहिली.

आता ‘विस्तारित’ ठाण्याकडे. ठाणे आणि मुलुंड यांच्यात अंतर फार नाही. मधली जागा मनोरुग्णालयाची, १९०१ पासूनची, झाडांनी भरलेली. स्मार्ट सिटी योजनेत तिथल्या सुमारे १४.८३ एकरांवर स्टेशन करण्याचे ठरले. वागळे इस्टेट आणि घोडबंदरकडच्या लोकांनी जुन्या स्टेशनच्या गल्ल्यांत न शिरता तिथे गाडी पकडावी, हा हेतू. जागा रुग्णालयासाठीच वापरली जावी या अर्थाचा न्यायालयाचा आदेश आधीपासून होता. त्यामुळे काम अडले. २०२३ मध्ये न्यायालयाने त्यात बदल केला आणि जागा देण्याची वाट मोकळी झाली. रुळांलगतचे काम कोणी करायचे आणि बाहेरचे रस्ते-डेक कोणी, यावरही बराच वेळ गेला.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. मनोरुग्णांची संस्था कोणाच्याही शेजारी नको असते. शहर वाढते तशी तिची जागा आक्रसत जाते, आणि तिथले रुग्ण सभेला येऊन बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने कोणीतरी उभे राहिले, हे चांगलेच झाले. तरीही माझा कल स्टेशनच्या बाजूने आहे. घोडबंदरच्या माणसाला जुन्या स्टेशनपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात डोंबिवलीचा माणूस ठाणे ओलांडून पुढे गेलेला असतो. ते टाळायचे तर गाडी त्याच्या जवळ न्यावी लागेल, आणि रुळांलगत मोकळी जागा शहराच्या त्या बाजूला दुसरीकडे उरलेली नाही. रुग्णालयाच्या इमारती आणि वॉर्ड नव्याने बांधून देण्याची अट पूर्ण व्हायलाच हवी, आणि ती स्टेशनच्या आधी पूर्ण व्हायला हवी होती.

खरी अडचण झाली ती नावामुळे. ‘विस्तारित’ म्हटले की जुने स्टेशन मोठे होणार असे वाटते. जुन्या स्टेशनच्या फलाटावर उभे राहणाऱ्यांनी त्याचा अर्थ तसाच घेतला. बदलापूरहून येऊन ऐरोलीला जाणारी एक बाई मला एकदा फलाट दहावर म्हणाली, ‘ते झालं की आपला हा जिना सुटेल ना?’ नाही सुटणार. तिची गाडी पाच-सहाच्या बाजूलाच येणार आणि वाशीची गाडी नऊ-दहावरूनच सुटणार. नव्या स्टेशनमुळे जुन्या फलाटांवरचे ठाणेकर थोडे कमी होतील, एवढाच तिचा लाभ. शहराला एकच स्टेशन असण्याची शतकाहून जुनी सवय असल्यामुळे ‘ठाणे’ म्हटले की आपल्याला एकच जागा दिसते. आता तसे राहिलेले नाही. बुलेट ट्रेनचे ठाणे दिव्याजवळ म्हातार्डीला होणार आहे. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या २९ किलोमीटरच्या, २२ स्थानकांच्या वर्तुळाकार मेट्रोने जुने आणि नवे ठाणे जोडायचे आहे. तेव्हा रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ म्हटल्यावर तो ‘कुठलं?’ विचारेल.

दुसऱ्या गर्दीसाठी काहीच झाले नाही असे मात्र नाही. ठाणे-दिवा दरम्यानच्या पाचव्या-सहाव्या मार्गिकेला २००८ च्या सुमारास मंजुरी मिळाली होती. ती फेब्रुवारी २०२२ मध्ये, ७२ तासांच्या मेगाब्लॉकनंतर सुरू झाली. त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या पारसिक बोगद्याच्या मार्गावर गेल्या आणि जलद लोकल कळवा-मुंब्र्यावरून धावू लागल्या. माझ्या मुलांच्या लहानपणी बोगदा आला की सगळा डबा ओरडायचा, आता लोकलमधल्या मुलांना तो लागतच नाही. पण मुंब्र्याचे वळण लागते. ९ जून २०२५ च्या सकाळी त्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गर्दीच्या लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले, चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. दारात लटकणारे हौसेने लटकत नाहीत. कळव्याचे प्रवासी कारशेडमध्ये जाऊन रिकाम्या गाडीत चढतात ते याच भीतीने, कारण फलाटावर आलेल्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

मे २०२४ च्या अखेरीस ६३ तासांचा ब्लॉक घेऊन पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद केला गेला. रूळ बाजूला सरकवले आणि आधी ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे आणून कडेला बसवले. दोन-तीन मीटरच वाढले. पण त्या सोमवारी पहिल्यांदा गाडी आल्यावर लोक मागे सरकू शकले. जुन्या लादीची कड आणि नव्या ठोकळ्याची रेघ कुठे जुळते ते पायाला कळत होते.

गाडी बदलणाऱ्यांना ठाण्याला यावेच लागू नये, यासाठीची योजना वेगळी आहे. कळवा ते ऐरोली उन्नत मार्ग. कल्याणकडची गाडी कळव्याहून सरळ नवी मुंबईकडे वळेल, हा तिचा गाभा. पुलावरची गर्दी खरोखर कमी करणारी ही एकच योजना मला दिसते, आणि हिच्याच वाट्याला सर्वांत कमी आवाज आला. कळव्यात मार्गात येणाऱ्या घरांचे पुनर्वसन हा तिचा मुख्य अडसर. त्या घरांतली माणसे कुठे जाणार याचे उत्तर दिल्याशिवाय रूळ टाकता येणार नाहीत, आणि टाकूही नयेत. योजनेचा पहिला भाग म्हणून वाशीच्या मार्गावर, ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये, दिघा गाव स्टेशन बांधले गेले. ते तयार होऊन कित्येक महिने बंद दाराआड उभे होते. शेवटी १२ जानेवारी २०२४ रोजी, शिवडी-न्हावाशेवा सागरी पुलाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्याचेही झाले.

आज डोंबिवलीचा माणूस दिघ्याला जातो तेव्हा त्याची गाडी कळव्यातून, म्हणजे दिघ्याच्या जवळून, पुढे निघून जाते. तो खाडी ओलांडून ठाण्याला उतरतो, जिना चढतो, पूल पार करतो, फलाट दहावर येतो, आणि वाशीच्या गाडीत बसून तीच खाडी पुन्हा ओलांडतो.