गिनी गुणांक

देशातले उत्पन्न लोकांमध्ये किती विषम वाटले गेले आहे, हे एका आकड्यात सांगणारे माप. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी (१८८४–१९६५) यांनी ते १९१२ मध्ये मांडले. आडनावाचा मूळ उच्चार 'जिनी' असला, तरी मराठीत 'गिनी' रुळले आहे. सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर गुणांक ०, सगळे एकाच्याच हाती असेल तर १. जागतिक बँक हेच माप ० ते १०० असे मांडते.

पाच माणसांची कमाई अनुक्रमे १, २, ३, ४ आणि १० रुपये आहे असे धरू. एकूण २० रुपयांपैकी निम्मे एकट्या पाचव्याकडे आहेत. इथे गुणांक ०.४० येतो. लोकांना असे गरिबाकडून श्रीमंताकडे ओळीने उभे करून उत्पन्नाची बेरीज करत गेले, की मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये सुचवलेला वक्र मिळतो. समान वाटपाच्या तिरप्या रेषेपासून तो जितका खाली झुकलेला, तितका गुणांक मोठा.

सूत्र सोपे आहे. अवघड आहे ते आकडे गोळा करणे. युरोप आणि लॅटिन अमेरिकेतील पाहण्यांत बहुधा उत्पन्न विचारतात, भारतात आणि आफ्रिकेतील बहुतेक देशांत खर्च. त्याला कारण आहे. पगारदार आपला आकडा चटकन सांगतो. पण हंगामावर जगणारा शेतकरी किंवा रोज वेगळी मजुरी मिळणारा कामगार वर्षाचे उत्पन्न कसे सांगणार? गेल्या सात दिवसांत तेल, भाजी, अंडी किती आणली, हे मात्र घरातली बाई नेमके सांगते. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी याच वाटेने गेली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा १९७१ चा दारिद्र्याचा अभ्यासही तिच्या खर्चाच्या आकड्यांवर उभा आहे.

दारिद्र्य मोजायला खर्च उत्तम, विषमता मोजायला मात्र तोकडा. महिना १५ हजार कमावणारे घर ते सगळे खर्चून टाकते. दीड लाख कमावणारे ६० हजार खर्चते आणि उरलेले बाजूला टाकते. उत्पन्नात दोघांमध्ये दहापट अंतर आहे, खर्चात चौपट. शिवाय अतिश्रीमंत घरे पाहणीच्या नमुन्यात फारशी येत नाहीत. आली तरी पूर्ण आकडा क्वचितच देतात.

म्हणूनच देशोदेशींचे गुणांक एका यादीत लावताना आधी काय मोजले आहे ते पाहावे लागते. भारताचा खर्चावर आधारित गुणांक २०११-१२ मध्ये २८.८ होता, २०२२-२३ मध्ये २५.५. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने याच आकड्यावरून भारताला जगातला चौथा सर्वाधिक समान देश म्हटले. त्या यादीत पहिल्या आलेल्या स्लोव्हाकियाचा आकडा उत्पन्नाचा आहे, त्यामुळे ही तुलना टिकत नाही. करविवरणे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशोब जोडून आकडे काढणाऱ्या जागतिक विषमता विदागारात भारताचा उत्पन्नाचा गुणांक २००४ मध्ये ५२, तर २०२३ मध्ये ६२ आहे. याउलट दक्षिण आफ्रिकेचा २०१४ चा ६३ हा आकडा खर्चावरून काढलेला आहे. वर्णभेदी राजवटीने मागे ठेवलेली दरी खर्चातही झाकली जात नाही.

अगदी वेगळ्या वाटपांचाही गुणांक एकच येऊ शकतो. म्हणून काही अभ्यासक सोबत पाल्मा गुणोत्तर देतात: वरच्या १० टक्क्यांचे उत्पन्न भागिले खालच्या ४० टक्क्यांचे.