पावसाळ्यात फायबर का फसतं?

जूनमध्ये गाडीला बसवलेल्या फायबरच्या फेंडर फ्लेअरवर, म्हणजे चाकावरच्या रुंद पट्टीवर, गणपतीपर्यंत फोड येतात, कडेला चिरा दिसू लागतात आणि बोल पेंटरला बसतो. दोष बहुतेक वेळा रंगाच्या खाली, मॅट मारली त्या दिवशीच्या कामात असतो.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिस्टर रेझिन. रेझिनमध्ये आधीच मिसळलेलं कोबाल्ट हार्डनरचे, म्हणजे एमईकेपीचे, तुकडे करतं. त्यातून मुक्त मूलकं निघतात आणि पॉलिस्टरच्या साखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनी एकमेकींना बांधल्या जातात. हे वाळणं नव्हे, ही रासायनिक अभिक्रिया आहे. म्हणूनच ओल्या लॅमिनेटवर, म्हणजे रेझिनने भिजवलेल्या मॅटच्या थरांवर, पंखा लावला की काम बिघडतं: स्टायरीन उडून जातं आणि वरचा थर चिकट राहतो.

एका फ्लेअरचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरा. चौरस मीटरला 450 ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे तीन थर म्हणजे सुमारे 340 ग्रॅम मॅट आणि 3 मिमी जाडी. रेझिन मॅटच्या वजनाच्या अडीच पट, 850 ग्रॅम. दीड टक्क्याने हार्डनर जेमतेम 13 ग्रॅम. इतकी बारीक मात्रा बाटलीच्या झाकणाने मोजणं चूक आहे. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पावसात रेझिन उशिरा आवळतं म्हणून हार्डनर वाढवण्याची सवय सर्रास आहे, आणि तीच सगळ्यात महाग पडते. मिश्रण एकदम तापतं, आकसतं, चिरतं. उरलेलं हार्डनर आतच राहून कडकपणा घटवतं. रेझिनच्या पत्रकावरची मर्यादा ओलांडू नये. हार्डनर आणि कोबाल्ट सुटं मिळालं तर ती दोन्ही थेट एकत्र कधीच करू नयेत, स्फोट होतो. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण एमईकेपीचा एक थेंब दृष्टी घेऊ शकतो.

मग पावसात उशीर होतो तो कशाने? पाणी कोबाल्टला मंदावतं. हवा 28 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, 25 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे रात्रभर थंड फरशीवर पडलेला मोल्ड (ज्यावर मॅट बसवतात तो साचा), किंवा एसीच्या खोलीतून काढलेली मॅट, खाडीकाठच्या हवेत आली की तिच्यावर दव धरतं. डोळ्यांना ते दिसतही नाही. मोल्ड दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश गरम हवा. मॅटचा रोल प्लास्टिकमध्ये बांधून, कामाच्या खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. ओली मॅट रेझिन नीट पीत नाही, पांढरट ठिपके राहतात, आणि तिथूनच पुढे थर सुटतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईच्या तुर्भ्यापर्यंतच्या गॅरेजांतली एक सवय मात्र मोडायलाच हवी: रंगाआधी खड्डे भरायला लावलेली पुट्टी वॉटर पेपरने ओली घासणं. पुट्टीत टाल्कसारखी भुकटी भरपूर असते, ती पाणी शोषते. त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षारही आत जातात. वर प्राइमर आणि रंग बसला की ते क्षार रंगातून झिरपणारी ओल स्वतःकडे खेचतात. हेच परासरण, आणि फोड येतात ते यानेच. पुट्टी 80 मग 180 नंबरच्या पेपरने कोरडी घासावी. पाणी लावायचं ते टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) प्राइमर पूर्ण कडक झाल्यावर, स्वच्छ नळाचं. टू-के रंगाच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाला दमट हवेतली वाफ मिळाली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठतात. त्यामुळे मुसळधार पावसात उघड्या शेडमध्ये फवारणी नकोच. आणि आयसोसायनेट साध्या कापडी मास्कने अडत नाही.

बसवताना उष्णता विसरली जाते. उन्हात पत्रा 40 अंशांनी तापला तर एक मीटर लांबीला तो सुमारे अर्धा मिमी वाढतो, फायबर मात्र एक मिमीहून अधिक. स्क्रूची भोकं तंगच ठेवली तर हा फरक सामावायला जागा नसते आणि चीर भोकापासून निघते. भोक स्क्रूपेक्षा 2 मिमी मोठं ठेवा, रबर वॉशर लावा, आणि फेंडरच्या पत्र्यात पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड झिंक प्राइमरने बंद करा. नवी मुंबईतल्या पाम बीच रोडच्या खारट वाऱ्यात उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही.