वाऱ्याचा आडोसा आणि लाटेचा आडोसा

शिडाची बोट घेऊन कोकण किनाऱ्याने जाताना संध्याकाळी पाच वाजता आपण नांगरासाठी जागा शोधतो, तेव्हा डोळा एकाच गोष्टीवर असतो: वारा कुठे लागत नाही? डिसेंबर ते मे या वेळी वायव्येचा खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा वारा, भरात असतो. दिवसभर तो झेलून एखाद्या भूशिराच्या दक्षिणेला वळलो की पाणी एकदम निवलेलं दिसतं. मीही असाच एकदा नांगर टाकला आणि रात्रभर बोट कुशीवर इतकी लोळली की कुणाचा डोळा लागला नाही.

त्या रात्री वारा जवळजवळ नव्हताच. खारा वारा सूर्यास्तानंतर पडतो आणि उत्तररात्री जमिनीवरून, पूर्वेकडून, मतलई सुटतो. म्हणजे ज्या वाऱ्यापासून आपण लपलो, तो झोपेच्या वेळी उरतच नाही. लांबून आलेली लाट मात्र उरते. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांतून निघून ती हजारो किलोमीटर कापत बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येते आणि भूशिराची दक्षिण बाजू तिला सताड उघडी असते. शिवाय ती वाऱ्यासारखी डोंगराला अडून थांबत नाही. उथळ पाण्यात वाकते आणि टोकाला वळसा घालून आडोशातही शिरते.

दोन्ही लाटा घड्याळावर ओळखता येतात. इथल्याच वाऱ्याने उठवलेली लाट तीन ते पाच सेकंदांनी येते, आखूड आणि टोकदार. लांबची लाट दहा-पंधरा सेकंदांनी येते आणि खोल पाण्यात जाणवतही नाही. म्हणून नांगर टाकण्याआधी खडकांकडे पाहावं. वारा नसताना तिथे थांबून थांबून पांढरा फेस चढत असेल, तर ती जागा रात्रीची नाही.

गणपतीपुळे आणि जयगड जवळजवळ आहेत, पण रात्र अगदी वेगळी. पुळ्याची पुळण पश्चिमेला उघडी आहे. मतलई जमिनीवरून येतो म्हणून पाणी गुळगुळीत दिसतं, पण लाट सरळ आत येते. जयगडचा किल्ला शास्त्री नदीच्या मुखावर दक्षिणेच्या बाजूला आहे. त्या टोकाला मागे टाकून आत गेलं की नैर्ऋत्येची लाट बाहेर राहते. संध्याकाळी वायव्य वाऱ्याने तिथे थोडी खळबळ असते, त्यामुळे जागा वाईट वाटते. दिवेलागणीनंतर तासाभरात ती निवते. मी तरी पाच वाजताच्या पाण्यापेक्षा मध्यरात्रीच्या पाण्याला महत्त्व देतो.

खाडीत पाण्याची ओढही बघावी लागते. ओहोटी आणि मतलई दोघंही पश्चिमेकडे ढकलतात, बोट स्थिर राहते. भरतीला ते एकमेकांविरुद्ध होतात आणि बोट नांगराच्या साखळीभोवती भटकते, म्हणून फिरायला जागा सोडावी. साखळी ओहोटीच्या खोलीवर मोजू नये: ओहोटीचं चार मीटर पाणी, तीन मीटर भरती, नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची एक मीटर उंची, असे आठ मीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर सोडावी.

हिवाळ्यात कधी इराणच्या आखातातले शमाल वारे वायव्येकडूनही लांबची लाट पाठवतात. तेव्हा जयगडचं मुखही पुरत नाही, खाडीत आणखी आत सरकावं लागतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था अशा लाटेचा अंदाज देते. तो पाहताना उंचीच्या शेजारचा दिशेचा बाण आणि सेकंदांचा आकडा आधी वाचावा.