कूलर एअरचा घ्यायचा की लिक्विडचा?

नवा डेस्कटॉप बांधायला आलेले ग्राहक प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं ठरवून येतात आणि कूलरपाशी अडतात. "लिक्विडच टाकूया, थंड राहील" हे म्हापशातल्या आमच्या काउंटरवर नेहमी ऐकू येतं. पैसे भरण्याआधी हे पत्रक एकदा सावकाश वाचा. आमचं मत आधीच सांगून टाकतो: घरच्या आणि ऑफिसच्या बहुतेक मशिनना चांगला एअर कूलर पुरतो. वाचलेले पैसे जाळीदार पुढच्या भागाच्या कॅबिनेटवर आणि दोन जादा पंख्यांवर घालावेत.

काम दोन्हींचं एकच, प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत सोडणं. एअर कूलरच्या तांब्याच्या हीट पाईपमध्ये थोडासा द्रव असतो. खाली प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, वर फिन्सपाशी, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांपाशी, ती निवते आणि पुन्हा खाली येते. लिक्विड कूलरमध्ये हेच वाहतुकीचं काम पंप आणि नळ्या करतात, आणि उष्णता बाहेर टाकतो तो रेडिएटर. शेवटी दोन्हीकडे पंखाच आहे. म्हणून यातला कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. मे महिन्याच्या दुपारी खोली ३४ अंशांवर असेल, तर हिशेब ३४ पासूनच सुरू होतो.

पावसाळ्यात नळ्यांना पाणी सुटेल का, असं बरेच जण विचारतात. नाही सुटणार. आतलं पाणी चालू मशिनमध्ये नेहमी खोलीपेक्षा थोडं गरमच असतं आणि दव फक्त गार वस्तूवर धरतं.

आता खरा प्रश्न: तुमचा प्रोसेसर किती वॉट खातो, आणि किती वेळ? इंटेलचा आय५-१२४०० पूर्ण ताणाखाली जास्तीत जास्त ११७ वॉटपर्यंत जातो. एएमडीचा रायझन ५ ७६०० हा ६५ वॉटच्या वर्गातला, त्याच्या खोक्यात कूलर मिळतोच. अकाउंट्स, शाळेचा अभ्यास, फोटो, साधे गेम यासाठी अशा मशिनवर लिक्विड लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि हे आम्ही विक्री सोडूनही सांगतो. दुसऱ्या टोकाला आय९-१४९००के २५३ वॉटपर्यंत आणि रायझन ९ ७९५०एक्स २३० वॉटपर्यंत जातो. असा प्रोसेसर घेऊन तुम्ही लग्नाचे व्हिडिओ एक्सपोर्ट करत असाल, थ्रीडी रेंडर तासन् तास लावून ठेवत असाल, तर ३६० मिलिमीटरचा, म्हणजे तीन पंख्यांच्या लांबीचा, रेडिएटर घ्या, आम्ही आनंदाने बसवून देऊ. गेममध्ये मात्र हेच प्रोसेसर सहसा एवढी वीज ओढत नाहीत.

मधल्या वर्गात मोह जास्त होतो. १२० मिलिमीटरचा छोटा लिक्विड कूलर दिसायला छान, पण दोन टॉवरच्या (फिन्सचे दोन उभे गठ्ठे असलेल्या) चांगल्या एअर कूलरपुढे तो टिकत नाही. २४० वाला बहुतेक वेळा बरोबरीत येतो. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे थोडा वेळ आलेला ताण तो शांतपणे पचवतो, हा त्याचा खरा गुण आहे. ताण अर्धा तास टिकला की शेवटी रेडिएटर केवढा आहे यावरच सगळं ठरतं.

तापमानाचा आकडा बघून घाबरू नका. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलेले आहेत. बघायचं ते एवढंच, की काम चालू असताना वेग घसरतो का.

गोव्यात कूलरचं आयुष्य ठरतं ते धूळ आणि खाऱ्या वाऱ्यावर. कळंगुट, बाणावलीकडून दुरुस्तीला आलेलं कॅबिनेट उघडलं की स्क्रूंच्या डोक्यांवर गंज आणि ॲल्युमिनियमच्या फिन्सवर पांढरी भुकटी दिसते. डिचोली-साखळीकडची लाल धूळ वेगळी. बाहेरून पंखा स्वच्छ वाटतो, पण क्लिप काढून तो बाजूला केला की मागे फिन्सच्या तोंडावर धुळीचा जाड थर सापडतो, नखाने उचलला तर अख्खा सुटून येणारा. तो काढला की वेगळं काही न करता तापमान उतरतं. हाच थर रेडिएटरवरही बसतो. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा ब्लोअर मारा, आणि मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

बिघाडाचंही बघा. एअर कूलरचा पंखा बंद पडला तर १२० मिलिमीटरचा नवा पंखा पणजीत, मडगावात कुठेही मिळतो. लिक्विडचा पंप गेला तर मशीन थोड्याच वेळात तापून मंद होतं, मग बंद पडतं, आणि बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलावं लागतं. आतलं पाणी नळ्यांतून वर्षानुवर्षं अगदी हळू उडत जातं आणि बहुतेक युनिट सीलबंद असल्याने पुन्हा भरता येत नाही. गळती क्वचितच होते. तरी घेण्याआधी वॉरंटी किती वर्षांची आहे आणि गळतीने ग्राफिक्स कार्ड गेलं तर कंपनी भरपाई देते का, हे आम्हाला विचारा. वॉरंटी कार्डावरचा मजकूर आम्ही तुमच्यासमोर वाचून दाखवू.

लिक्विड घेतलाच तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावलेला उत्तम. पंप कधीही सगळ्यात उंच जागी नसावा, नाहीतर हवेचे बुडबुडे त्यात अडकतात आणि गुळगुळ आवाज येतो. एअर कूलर घेतलात तर उंची मोजा: मोठे टॉवर १५५ ते १६५ मिलिमीटरचे असतात आणि छोट्या कॅबिनेटची बाजूची काच मग बंद होत नाही. अशा छोट्या कॅबिनेटमध्ये लिक्विडच सोयीचा पडतो. मोठ्या एअर कूलरचं वजन किलोच्या पुढे जातं, तेव्हा चवथीला मशीन गावी नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि काच वर.

दुकानात येताना प्रोसेसरचं पूर्ण नाव, कॅबिनेटचं मॉडेल आणि रॅम बसवलेल्या मदरबोर्डचा एक फोटो मोबाइलवर घेऊन या. मशीन एसीच्या खोलीत असतं की नाही, तेही सांगा.