कॅसिओतला ढोलकवाला लगेच का ओळखू येतो?

कीबोर्ड यामाहाचा असो, रोलँडचा असो की कॉर्गचा, आपल्याकडे गणपतीच्या मंडपात त्याचं नाव एकच: कॅसिओ. "यंदा ऑर्केस्ट्रा आहे की नुसता कॅसिओ?" असं कोणी विचारलं की त्या 'नुसता'मध्ये सगळा निकाल आलेला असतो. विचारणाऱ्यानं उभ्या आयुष्यात पेटीला हात लावलेला नसतो. तरी खरा ढोलकवाला बसलाय की यंत्रातला, हे तो अर्ध्या कडव्यात सांगतो. कशावरून, ते मात्र त्याला सांगता येत नाही.

मी हौसेखातर अरेंजर कीबोर्ड वाजवतो आणि हा 'नुसता' मला बरीच वर्षं टोचत होता. आवाज हलक्या प्रतीचे असतील असं समजून मी महागडा कीबोर्ड घेतला. ढोलक चकाचक वाजू लागला आणि कॅसिओ तो कॅसिओच राहिला. मग कुठे डोक्यात प्रकाश पडायला लागला की दुखणं आवाजात कमी आणि वेळेत जास्त आहे.

अरेंजर कीबोर्डमध्ये डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले तीन-चार स्वर, धरायची, की आतले ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिनचा ताफा त्या कॉर्डमध्ये वाजू लागतो. या साथीला स्टाइल म्हणतात. रोलँडचा ई-२० आला तो १९८८ साली. तेव्हापासून आजवर यंत्रं कितीतरी सुधारली, पण मूळ युक्ती तीच आहे. स्टाइल हा एक छोटा तुकडा असतो आणि तो पुन्हा पुन्हा फिरतो. समजा केरव्याचा तुकडा दोन बारचा आहे. १०० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १०० मात्रा असताना, चार-चार मात्रांचे दोन बार ४.८ सेकंदांत संपतात. पाच मिनिटांच्या गाण्यात तोच तुकडा, त्याच ठोक्यांसह, साठहून जास्त वेळा कानावर येतो.

आता पुनरावृत्तीचं कानाला वावडं आहे असं मुळीच नाही. ठेका म्हणजे पुनरावृत्तीच. तबलजी अर्धा तास एकच केरवा धरतो आणि आपण माना डोलावतो. पण त्याचा 'धा' दोनदा एकसारखा येत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं की तबल्यावरच्या शाईमुळे पुडीच्या कंपनातले वरचे सूर मूळ सुराच्या पटीत येतात, आणि म्हणून साध्या ढोलाला नसलेला स्वच्छ सूर तबल्याला लाभतो. त्यातले कोणते सूर उठतील आणि कोणते दबतील, हे बोट कुठे पडलं आणि दुसरं बोट कुठे टेकलं होतं यावर ठरतं. हाताची जागा प्रत्येक वेळी केसभर हलते, म्हणून 'धा'चा रंगही हलतो. कीबोर्डातला 'धा' म्हणजे एका दुपारी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला एकच 'धा' असतो. चांगल्या यंत्रांत हळू, मध्यम आणि जोरकस असे दोन-चार 'धा' भरलेले असतात. कीबोर्डांना ठोके आकड्यांत सांगणाऱ्या, १९८३ साली ठरलेल्या मिडी पद्धतीत आघाताचा जोर १ ते १२७ या पायऱ्यांत मोजतात, पण स्टाइल बनवणाऱ्यानं तुकड्यात ७२ लिहिला असेल तर साठही फेऱ्यांत तिथं ७२ च येणार.

बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा तर आणखी लवकर पकडला जातो. तळहात दाबत नेला की पुडीचा ताण वाढतो आणि सूर चढतो. सॅम्पलमध्ये, म्हणजे यंत्रात भरलेल्या ध्वनिमुद्रणात, ती चढण एकदाच गोठवलेली असते. शिवाय साध्या सॅम्पलरमध्ये सूर चढवणं म्हणजे ध्वनिमुद्रण वेगात पळवणं. पांढरी एकचा ढोलक पांढरी दोनला नेला, तर तो सुमारे १२ टक्के जास्त वेगानं वाजतो आणि घुमाराही तेवढाच आखूड होतो. गायिकेसाठी पट्टी वर नेली की ढोलकवाल्याचा हात एकाएकी लहान मुलाचा झाल्यासारखा वाटतो, तो यामुळे.

मग सगळे ठोके थोडे इकडेतिकडे करून टाकले तर? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये 'ह्युमनाइज' नावाचं बटण असतं, ते हेच करतं. मीही केलं. ठोके दहा-पंधरा मिलिसेकंद मागेपुढे सरकवले. निष्पन्न काय, तर आधी यंत्र वाजत होतं, आता प्यालेलं यंत्र वाजू लागलं.

का, याचं उत्तर जर्मनीतल्या गटिंगनमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०११ साली छापलेल्या कामात आहे. होल्गर हेनिग आणि सहकाऱ्यांनी घानाच्या एका व्यावसायिक तालवादकाचे ठोके मोजले. तो मेट्रोनोमपासून, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्रापासून, साधारण १० ते २० मिलिसेकंद इकडेतिकडे होत होता, पण त्याच्या चुका फाशाच्या दानासारख्या सुट्या नव्हत्या. आत्ताची चूक आधीच्या चुकांशी बांधलेली होती. थोडा मागे पडला की काही काळ तो मागेच रेलून राहायचा, मग सावकाश पुढे सरकायचा. ऐकणाऱ्यांसमोर दोन्ही तऱ्हा ठेवल्या, तेव्हा अशी 'आठवण' असलेल्या चुका त्यांना फाशाच्या चुकांपेक्षा जास्त आवडल्या. २०१४ साली हेनिग यांनी दोन माणसांना एकत्र वाजवायला लावून मोजलं, तेव्हा त्या दोघांच्या चुका एकमेकांतही गुंतलेल्या निघाल्या. एकाचा पुढचा ठोका दुसऱ्याच्या कित्येक मिनिटांपूर्वीपर्यंतच्या ठोक्यांवर अवलंबून होता.

दिंडीत चाललेल्यांना हे सांगायची गरज नाही. शंभर टाळकऱ्यांत मोजणारा कोणीच नसतो, तरी लय चढते ती सगळ्यांची मिळून.

माझ्या मते जिवंतपणाचं मूळ इथंच आहे: वाजवणारे एकमेकांना ऐकतात. कीबोर्डातला बेसवाला ढोलकवाल्याला ऐकत नाही, आणि दोघंही गायिकेला ऐकत नाहीत. जॅझमध्ये हे मोजलेलंही आहे. स्टॉकहोममधल्या फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम यांना २००२ साली असं दिसलं की ड्रमर जी झुलती लय वाजवतो, तिच्यातल्या लांब आणि आखूड स्वराचं प्रमाण टेम्पोनुसार बदलतं. संथ लयीत ते तीनास एकच्याही पुढे जातं आणि फार जलद लयीत जवळजवळ समसमान होतं. कीबोर्डवर मात्र टेम्पोचं चाक फिरवलं की झुलणं त्याच प्रमाणात आवळलं जातं. म्हणून स्टाइल ज्या टेम्पोला बनवली, त्याच्या आसपासच ती खरी वाटते. चाळीसनं पळवण्यापेक्षा दुसरी स्टाइल शोधलेली बरी.

कीबोर्डातल्या मंडळींना ऐकायला शिकवता येत नाही. पण त्यांच्यातल्या एकाला घरी पाठवून तिथं माणूस बसवता येतो. यामाहाच्या स्टाइलमध्ये आठ भाग असतात: रिदमचे दोन, बेस, कॉर्डचे दोन, पॅड (लांब धरलेले स्वर) आणि फ्रेजचे (सुरावटीच्या छोट्या तुकड्यांचे) दोन. बहुतेक कार्यक्रमांत हे आठही भाग अखंड वाजत असतात, जणू आठ जणांना तासाप्रमाणे पैसे दिलेत. मी फ्रेजचे दोन्ही भाग बंद करतो. मग दुसरा रिदम, म्हणजे बहुतेक वेळा शेकर-खंजिरीचा भाग, तोही बंद करून खरी खंजिरी कोणाच्या तरी हातात देतो. गेल्या वर्षी ती शेजारच्या बारावीतल्या मुलाकडे दिली. तो दोनदा चुकला, पण समेवर येताना गायिकेकडे बघत होता. त्या एका माणसामुळे उरलेलं यंत्रही माणसाळल्यासारखं वाटलं. दाट वाजणारी खंजिरी ढोलकाचा कोरडेपणा झाकते, हाही भाग आहेच.

हातात देण्याजोगं माणूस नसेल तर स्टाइल क्रिएटरमध्ये, म्हणजे कीबोर्डातल्या स्टाइल बनवायच्या सोयीत, खंजिरी स्वतः बोटानं वाजवून भरावी. दोनऐवजी आठ बार भरावेत आणि क्वांटाइझचं बटण, जे प्रत्येक ठोका जवळच्या चौकटीत नेऊन बसवतं, त्याला हात लावू नये.

डाव्या हाताचीही एक खोड आहे. आपण कॉर्ड बरोबर मात्रेवर धरायला जातो आणि तीसेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. तोवर यंत्रानं जुन्या कॉर्डचा बेस वाजवलेला असतो. मग तो घाईघाईनं नव्या सुरावर उडी मारतो आणि दर कॉर्डला एक उचकी ऐकू येते. कॉर्ड मात्रेच्या किंचित आधी धरली की उचकी जाते. 'ऑन बेस' प्रकार निवडला तर डाव्या हाताचा सर्वांत खालचा स्वर बेसवाला घेतो, मग त्याला चालवत नेणं आपल्या हाती येतं.

उजव्या हाताबद्दल थोडक्यात सांगतो. १९६४ साली साल्डान्हा आणि कोर्सो यांनी वाद्यांच्या स्वरांचे सुरुवातीचे क्षण कापून ऐकवले, तेव्हा जाणकारांनाही वाद्य ओळखणं कठीण गेलं. वाद्याची ओळख पहिल्या क्षणात असते. बासरीवाला प्रत्येक स्वराला नवी फुंक घालत नाही. एका फुंकेत चार स्वर घेतो. कीबोर्डवर मात्र प्रत्येक पट्टीला नवी 'फू' येते. स्वर जोडून वाजवणारा लेगाटो चालू करा, मींड सूर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकानं घ्या आणि पायाखाली आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल ठेवा. व्हायोलिनचा आवाज पायानं फुगवता-ओसरवता येऊ लागला की अर्धं काम होतं.

यानंतर सगळं बिघडतं ते साउंडवाल्यापाशी. खऱ्या रंगमंचावर ढोलकवाला बेसवाल्यापासून चार मीटरवर असेल तर एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात; सगळे एकाच बिंदूतून कधीच बोलत नाहीत. कीबोर्डचा अख्खा ताफा एकाच डब्यातून बाहेर पडतो. वेगळे आउटपुट असतील तर ढोलक निराळ्या स्पीकरला द्यावा. आणि मंडपातल्या मिक्सरवर एकच चॅनेल मोकळा असेल, तर डाव्या-उजव्या दोन्ही केबल एकत्र जोडू देऊ नका. स्टिरिओ पियानोच्या दोन बाजूंतल्या लहरी थोड्या वेगळ्या वेळी येतात. त्या एकत्र मिसळल्या की काही ठिकाणी एकीचा चढ दुसरीच्या उतारावर बसतो, आणि भरदार पियानो पत्र्याचा होतो. मागच्या 'एल-मोनो' जॅकमधून एकच केबल काढली तरी पुष्कळ कीबोर्डांवर हे टळतं, पण काहींत तो जॅक आतल्या आत तीच बेरीज करतो. तिथं मोनो पियानो निवडावा लागतो.

रिव्हर्बचंही, म्हणजे यंत्रानं आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचंही, असंच. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून रात्री-रात्री गाद्या वाहून हे शोधलं की खोलीतला घुमारा तिच्या आकारमानाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तूंनी घटतो. माणसं, त्यांचे कपडे, सगळं आवाज पितं. रिकाम्या हॉलमध्ये घुमणारा कीबोर्ड हॉल भरल्यावर कोरडा पडतो. हॉलचा स्वतःचा घुमारा असताना कीबोर्डमधला 'हॉल' त्यावर चढवला की तबल्याचे बोल चिखलात जातात. उघड्या मंडपात मात्र तो हवाच.

आणि घरी लावलेला बॅलन्स मंडपात तसाच वापरू नये. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवलं की आवाज लहान असताना आपल्या कानाला खर्जाचे सूर फार कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीनं हळू वाजवताना आपण बेस चढवतो. तोच बेस मोठ्या स्पीकरवर ढोलकाचा धुम्म गिळून टाकतो. मी आता कार्यक्रमाच्या आधी स्टाइल सुरू ठेवून, डाव्या हाताऐवजी कॉर्डचा मेमरी मोड (हात उचलला तरी कॉर्ड चालू ठेवणारा) लावून, शेवटच्या रांगेपर्यंत चालत जातो. तिथं उभं राहून आधी बेस कमी करायला सांगतो, मग पुन्हा एकदा बेस कमी करायला सांगतो.