क्रॉप सेन्सर कॅमेरा

क्रॉप सेन्सर कॅमेरा : ३५ मिमी. फिल्मच्या ३६×२४ मिमी. चौकटीहून लहान संवेदक असलेला डिजिटल कॅमेरा. सर्वाधिक प्रचलित आकार ‘एपीएस-सी’. माप साधारण २३.५×१५.६ मिमी., कॅननमध्ये किंचित कमी.

‘एपीएस-सी’ हे नाव १९९६ मध्ये बाजारात आलेल्या एपीएस (ॲडव्हान्स्ड फोटो सिस्टिम) फिल्मवरून पडले. तिची ‘क्लासिक’ चौकट २५.१×१६.७ मिमी.ची होती. संवेदकही या फिल्मवरूनच बेतला, असे एक मत आहे. पण मापे तंतोतंत जुळत नाहीत. कारण चिपनिर्मितीत शोधणारे मत अधिक ग्राह्य वाटते. सिलिकॉनवर आराखडा उमटवणाऱ्या यंत्राचे एका वेळचे क्षेत्र सुमारे ३३×२६ मिमी. असते. हा संवेदक त्यात एका दमात मावतो, पूर्ण चौकटीचा (३६×२४ मिमी.) मात्र भाग जोडून उमटवावा लागतो. शिवाय मोठ्या तुकड्यात दोष सापडण्याची शक्यता अधिक, म्हणून तो महाग पडतो. निकॉनच्या डी१ (१९९९) मध्ये लहान आकारच होता. त्या कंपनीचा पहिला पूर्ण चौकटीचा डी३ २००७ मध्ये आला.

‘क्रॉप बॉडीवर ३०० मिमी.ची लेन्स ४५० होते’ असे सर्रास म्हणतात. वास्तविक लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) तेवढेच राहते, दृश्य तेवढे आक्रसते. लाभ पिक्सेलांच्या दाटीचा आहे : २४ मेगापिक्सेलच्या पूर्ण चौकटीतून तेवढाच भाग कापला तर सुमारे १० मेगापिक्सेल उरतात, क्रॉप संवेदकावर २४ च्या २४ मिळतात.

खानदेशात या लाभाचे मोल रानपिंगळ्यापाशी कळते. जेमतेम २३ सेंमी.च्या या घुबडाची १९९७ पूर्वीची शेवटची विश्वसनीय नोंद १८८४ ची धरतात, कारण १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना बनावट ठरला. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. इतक्या दुर्मिळ पक्ष्याच्या ढोलीजवळ जाणे अनुचितच; दुरून पिसांचा तपशील टिपता येणे हा म्हणूनच या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण. रानपिंगळा दिवसाही वावरत असल्याने उजेडाची अडचण कमी येते. हतनूर जलाशयाचा काठ पायी धुंडाळताना हलके वजनही उपयोगी पडते.

पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ मात्र सुमारे २.४ पट असते. त्यामुळे समान छिद्रमानाला (ॲपर्चर) क्रॉप संवेदकाला एकूण प्रकाश सव्वा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी मिळतो आणि सातपुड्यातील काठी गावच्या होळीतील रात्रीचे नाच टिपताना चित्रात दाणे दिसतात, तेथे एफ/१.८ ची ३५ मिमी. लेन्स सोयीची.