गोणीतून बाटलीत: नॅनो खतांच्या नियमांची पार्श्वभूमी

खानदेशात खरिपाच्या तोंडावर युरियाची गोणी मागितली, की नॅनो खताची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या द्रव खताची, बाटली गळ्यात मारतात. 'लिंकिंग'ची ही तक्रार आता दरवर्षीची झाली आहे. किमतीवरून बरीच ओरड होते. बाटलीतल्या कणांचे पुढे काय होते, हे क्वचितच कुणी विचारतो.

आधी हिशेब. 45 किलोच्या गोणीत 46 टक्क्यांनी 20.7 किलो नत्र. सुरुवातीच्या 4 टक्क्यांच्या नॅनो युरियात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत, जेमतेम 20 ग्रॅम. कण 20 ते 50 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असल्याने ते पानातून थेट आत शिरतात आणि बाटली गोणीची बरोबरी करते, असा ही बाटली बनवणाऱ्या इफ्को या सहकारी खतसंस्थेचा दावा. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत मात्र नेहमीच्या नत्राच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन 21.6 टक्क्यांनी घटले.

पण जो बारीकपणा विकला जातो, धोक्याचे मूळही त्यातच असू शकते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने 2004 मध्येच सांगितले होते, की नेहमीचाच पदार्थ नॅनो आकारात आला तर त्याला नवे रसायन मानून तपासा. 2008 मध्ये नॅनो जाडीच्या लांब कार्बन नलिकांनी उंदरांत ॲस्बेस्टॉससारखी इजा केल्याचे दिसले. युरोपीय संघाने 2011 मध्ये नॅनोपदार्थाची व्याख्या ठरवली, 2013 पासून सौंदर्यप्रसाधनांवर 'नॅनो' छापणे सक्तीचे केले आणि 2020 पासून रसायनांच्या नोंदणीत नॅनोरूपाची वेगळी माहिती मागायला सुरुवात केली.

आपल्याकडे गाडी उलट्या टोकाने निघाली. 2007 च्या केंद्र सरकारच्या नॅनो मिशनला 1000 कोटी मिळाले, तो भर संशोधनावर. शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे यायला 2020 उजाडले, आणि तीही तत्त्वेच, कायदा नव्हे. फेब्रुवारी 2021 मध्ये नॅनो युरिया खत नियंत्रण आदेशात आला, 2023 मध्ये नॅनो डीएपी, मग जस्त आणि तांबे.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. 1985 चा हा आदेश 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. परवाना, भाव, भेसळ, घटकांचे प्रमाण हा त्याचा पिंड. नॅनो कीटकनाशक आले तर ते जाणार 1968 च्या कीटकनाशक कायद्याकडे, म्हणजे दुसऱ्याच दारात. सगळ्या बाटल्यांना एकाच मापाने मोजण्यातही अर्थ नाही: युरिया पाण्यात विरघळतो, जस्त-तांबे हे धातू, ते मातीतून नाहीसे होत नाहीत. केळीच्या बागेत किंवा बागायती कपाशीवर ते वर्षानुवर्षे फवारले, तर गांडुळांचे आणि जिवाणूंचे काय होईल, हा प्रश्न जस्त-तांब्याबाबत अधिक टोकदार आहे. मंजुरीच्या वेळी कंपनीकडून विषारीपणाची माहिती घेतली जाते, हे खरे. त्यानंतर मात्र खत निरीक्षक दुकानातून नमुना उचलतो, प्रयोगशाळा घटकांचे प्रमाण तपासते. पावसाने धुऊन गिरणेत किंवा तापीत गेलेला कण त्या अहवालात कुठेच बसत नाही.